खांद्यापुढचा हात

वाघमारे मॅडम एखाद्या गोठ्यात शिरल्या की मी त्यांच्या तोंडाकडं कधी बघायचो नाही, हाताकडं बघायचो. तोंडावरून त्या बाईचं काही म्हणता काही कळायचं नाही. उजव्या हाताची तीन बोटं जनावराच्या खांद्याच्या जरा पुढं, मानेच्या बुडाशी जायची, कातड्याखालची गाठ चाचपायची, आणि मग दोनातलं एक व्हायचं. गाठ नेहमीएवढी असली तर हात उचलून त्या जनावराच्या पाठीवर थाप मारायच्या, आणि मालकाच्या जिवात जीव यायचा. गाठ सुजलेली असली तर हात उचलायचाच नाही. तिथंच राहायचा. मॅडम खाली शेणाकडं बघत उभ्या राहायच्या आणि गोठ्यातलं सगळं बोलणं आपोआप बंद व्हायचं.

मी उमरीचा. इस्लापूरकडच्या गुरांच्या दवाखान्यात पर्यवेक्षक म्हणून नोकरीला होतो. तोंडानं फटकळ आहे, हे सगळा तालुका सांगेल. जनावर पार मरायला टेकल्यावर कुणी बोलवायला आला की मी आधी त्याची हजेरी घ्यायचो आणि मग जनावराकडं वळायचो. मॅडम लातूरच्या. बदली होऊन आल्या त्या दिवशी खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी विचारलं, "जाधव, टॉर्च आहे का?"

भर दुपार होती. मी म्हणलं, टॉर्च कशाला? तर म्हणाल्या, "भिंत बघायचीय." दवाखान्याच्या मागं जनावरं बांधायची शेड होती, तिथं गेल्या. भिंतीच्या एकेका भेगेत उजेड मारत चालल्या. मी मागून सांगून राहिलो, "मॅडम, आपल्या शेडमधी गोचीड न्हाई, आम्ही फवारणी करतो." त्यांनी केसातली पिन काढली, एका भेगेत घातली आणि फुगलेल्या तीन-चार गोचिड्या तळहातावर घेऊन माझ्यापुढं धरल्या.

"मग ह्या कोण? पाहुण्या?"

दुसऱ्या दिवशी चुना आणि शेणमाती कालवून त्या शेडच्या भेगा मीच लिंपल्या. मॅडम बाजूला उभ्या राहून राहिलेल्या जागा दाखवत होत्या. जनावराच्या अंगावरची गोचीड सगळ्यांना दिसते, अंडी घालायला ती भिंतीत जाते हे कुणी बघत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं कुणाच्याही घरी गेल्या की माणसांना रामराम नाही, जनावराला हात नाही, आधी भिंत. लोक हसायचे. "भित्तीवाल्या बाई" असं नावच पडलं होतं.

चहाचंही एक होतं. काही घरी मला स्टीलच्या पेल्यात चहा यायचा आणि मॅडमना कागदी कपात. मॅडम बौद्ध घरातल्या, हे गावात त्या पोचायच्या आधी पोचलेलं असायचं. पहिल्यांदा हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा माझं डोकं फिरलं. मी पेला खाली ठेवून बोलायला तोंड उघडलं, तोवर मॅडम चहा पिऊन मोकळ्या. बाहेर आल्यावर मी धुसफुसत होतो. त्या म्हणाल्या, "जाधव, तुमचं भांडण झालं असतं तर उद्या त्यांनी मला बोलवलं नसतं. गाय मेली असती. मग?" पण माझा राग काही गेला नाही. अजूनही गेलेला नाही.

सकाळी दूध संकलनावर माणसं कॅन घेऊन यायची, तिथं मॅडम कधीकधी उभ्या राहून बोलायच्या. भाषण नाही, गप्पा मारल्यासारखं. गोचीड-तापाचं त्यांनी जे सांगितलं ते मला कॉलेजातल्या सरांकडून कधी असं समजलं नव्हतं.

"अंगात रोग शिरला तर त्याला धरायला रक्तात पांढऱ्या पेशी असतात. गावचे राखणदार म्हणा. बाकीचे जंतू राखणदाराला चुकवून पळतात. गोचिडीच्या थुंकीतून येतो तो पळत न्हाई. तो राखणदाराच्याच पोटात जाऊन बसतो आणि त्याला म्हणतो, वाढ. थांबू नको. एका राखणदाराचे दोन व्हायला लागले की हा मधी उभा राहतो आणि दोघांत वाटून जातो. दोनाचे चार, चाराचे आठ. गाठ फुगत राहते. बघणाऱ्याला वाटतं, अंग लढून राहिलंय. अंग लढत न्हाई. त्याची चाकरी करून राहिलंय."

एक म्हातारी म्हणाली, "म्हंजे अंगात आल्यावानीच की."

"हाव मावशी. पण हे लिंबू उतरवून जायचं न्हाई."

मॅडमनी नोकरीच्या सुरुवातीला एका प्रयोगशाळेत काम केलं होतं. तिथं ह्याच बिघडलेल्या पेशी बाटलीत वाढवायच्या. त्याबद्दल त्या फार बोलत नसत, पण एकदा हात धुताना आपणहून म्हणाल्या, "चांगली पांढरी पेशी अंगाबाहेर काढली की थोड्या दिवसांत मरते, जाधव. ही मरत न्हाई. मरायचं विसरलेली असते. बाटली भरून जायची, दुसरी घ्यायची, ती भरायची. भ्या वाटायचं मला. मग एकदा त्यात औषध घातलं. आतला जंतू मेला आणि पेशीला पुन्हा मरायचं आठवलं." टॉवेल तसाच हातात धरून त्या उभ्या राहिल्या. "म्हणजे राखणदार कायमचा वाया गेलेला नसतो. त्याला सोडवता येतं. फक्त वेळेत."

हे 'वेळेत' त्या लई जोर देऊन म्हणायच्या. त्याचं कारण मला पुढं कळलं. त्या लहान असताना त्यांच्या आईची गाय गेली होती. खांद्यापुढं सूज आली म्हणून घरचे रोज गरम विटेनं शेकत राहिले, आणि शेजारी म्हणत राहिले, सूज वर आली म्हणजे आतला रोग बाहेर पडतोय. एवढंच सांगितलं त्यांनी.

आता चांदणीचं सांगतो.

सहस्रकुंडाच्या अलीकडं एक खेडं आहे. तिथं शोभा नावाची एक बाई. नवरा लातूरला डाळमिलमध्ये, सणासुदीला यायचा. घरी शोभा आणि सासरा. सासऱ्याला सगळं गाव आबा म्हणायचं, आम्हीही. शेत आबांचं, घर आबांचं, लाल्या नावाचा लालकंधारी बैलही आबांचा. जोडीचा दुसरा बैल भावकीतल्याचा, पेरणीला दोघं सावड करायचे. त्या घरात शोभाचं म्हणावं असं एकच होतं, चांदणी. काळी-पांढरी संकरित गाय. बचत गटातून तिनं स्वतः आणलेली, स्वतः वाढवलेली, आणि तेव्हा पहिल्यांदा गाभण.

पोळ्याच्या आदल्या दिवशी शोभाचा फोन आला. "मॅडम, चांदणी उठंना." आम्ही मोटरसायकलवर निघालो. पावसानं रस्त्याची वाट लागलेली, मॅडम मागं औषधाची पेटी मांडीवर धरून बसलेल्या.

गोठ्यात चांदणी मान टाकून बसली होती. खांद्यापुढं हळदीचा जाड लेप. आबा म्हणाले, "लाल्यानं शिंग मारलं तिला. शेजारी बांधत होतो. आता येगळा केलाय. शेकून राहिलो, पर सूज उतरंना."

मॅडमनी त्या दिवशी भिंत बघितली नाही. सरळ चांदणीजवळ उकिडव्या बसल्या, तीन बोटं हळदीवरून गाठीवर ठेवली. हात उचलला नाही. मग उठून पलीकडच्या बाजूला गेल्या, तिकडंही बोटं ठेवली. तिथंही हात राहिला.

"आबा," खाली बघतच त्यांनी विचारलं, "लाल्या दोन्हीकडून शिंग मारतो का?"

आबा पुढं आले, वाकून बघितलं. दोन्हीकडं सारखीच सूज. कुणी दुसरी बाजू बघितलीच नव्हती.

मॅडमनी पापणी उलटी केली. आत लाल असायला पाहिजे तिथं कागदासारखं पांढरं. शोभा म्हणाली, मागल्या आठवड्यात कुणीतरी तापाची सुई देऊन गेला, ताप उतरला, गाय वैरण खायला लागली, म्हणून वाटलं बरी झाली. माझ्या ओठावर शिवी आली होती. मॅडमनी माझ्याकडं नुसतं बघितलं आणि मी ती गिळली.

मानेत औषधाची सुई दिली. मग मॅडम माझ्याशी बोलल्या, पण शोभाला ऐकू जाईल अशा. "औषध आतल्याला मारील. पण त्याला वेळ लागतो, आणि हिच्या अंगात तेवढं रक्त राहिलं न्हाई. रक्त द्यावं लागंल. आजच."

मोटरसायकलला बांधलेल्या बर्फाच्या डब्यात रक्त घ्यायच्या रिकाम्या पिशव्या होत्या. पण रक्त कुणाचं? गावातली गुरं रानात लांब गेलेली, आणि आजूबाजूला होत्या त्या दोन म्हाताऱ्या गाई आणि एक वासरू. तेवढ्यात ओढ्यावर अंघोळ घालून कुणीतरी लाल्याला अंगणात आणलं. ओला, चकचकीत, भरल्या अंगाचा. आम्ही तिघांनी एकदमच त्याच्याकडं बघितलं.

आबांच्या ध्यानात आलं. "न्हाई," ते म्हणाले. "आज खांदेमळणी हाय. उद्या पोळा. ह्या दोन दिसांत आम्ही त्याला चाबूक दावत न्हाई, येसण वढत न्हाई. वरीसभर राबतो तो, बाई. आन् तुम्ही त्याच्या नरड्यात सुई घालता?"

म्हातारा आडमुठेपणानं बोलत नव्हता. त्याचा आवाज कापत होता. म्हणूनच पुढं काय होणार ते मला कळेना.

"आबा," शोभा म्हणाली. पदर तोंडात धरून ती दाराशी उभी होती. "चांदणी माझी हाय. माझं दुसरं काय हाय ह्या घरात?" सासऱ्यापुढं तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. आबांनी मान वळवली.

मग मला राहवलं नाही. "अहो आबा, डोळ्यांदेखत मुकं जनावर मरून राहिलंय आणि तुम्ही..."

"जाधव, गप बसा." मॅडम. आवाज चढला नव्हता, पण मी गप बसलो. त्या आबांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. "आबा, लाल्याला आवतण दिलं का?"

"आत्ता कसं देनार? दिवस मावळताना खांदं मळायचं, मग उद्या जेवायला या म्हणून आवतण."

"म्हणजे आत्ता तो पाहुणा झालेला न्हाई."

आबा गोंधळले. "न्हाई."

"आत्ता तो घरचाच आहे. मी घरच्याला घरच्यासाठी मागते. तुम्ही खांदे मळायला घ्यायच्या आत त्याला सोडीन. आणि तो दमला असं मला वाटलं, तर तिथंच थांबेन. गाय गेली तरी."

"गाय गेली तरी?"

"हाव."

मी शोभाकडं बघितलं. तिचं तोंड उतरलं होतं. माझंही उतरलं असणार. असला शब्द कुठला डॉक्टर देतो का?

आबा लाल्याजवळ गेले. बराच वेळ त्याच्या कपाळावर हात ठेवून उभे राहिले. दिवस कलत चालला होता, सागाच्या झाडांची सावली अंगणात आली होती, आणि मी मनातल्या मनात म्हाताऱ्याला हाका मारत होतो, लवकर करा, लवकर करा. शेवटी त्यांनी स्वतःच त्याची म्होरकी धरली. "घ्या. पर मी धरनार. दुसऱ्या कुनी हात लावायचा न्हाई."

मॅडमनी मानेतली शीर धरली. सुई गेली, लाल्यानं एकदा डोकं झटकलं, आबा त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटले आणि तो उभा राहिला. नळीतून काळपट लाल रक्त पिशवीत उतरायला लागलं. मी पिशवी हलवत होतो. एक पिशवी भरली, दुसरी लावली. मॅडमची तीन बोटं लाल्याच्या जबड्याखाली, नाडीवर. दुसरी भरली, तिसरी लावली. आणि तिसरी निम्मी होते न होते तोच लाल्यानं पुढचा पाय उचलून परत टेकवला.

"बस्स." मॅडमनी सुई काढली.

"मॅडम, अजून थोडं," मी म्हणलं. "ह्याला काही झालं न्हाई, माशी बसली असंल. तिला एवढं पुरणार न्हाई."

"पुरणार न्हाई, मला ठाऊक आहे. मी शब्द दिलाय."

आबा त्यांच्याकडं बघत होते.

गोठ्याच्या आढ्याला पिशवी टांगली. लाल्याचं रक्त चांदणीच्या अंगात थेंब-थेंब जायला लागलं. सुरुवातीचा वेळ वाईट असतो. परकं रक्त अंगाला मानवलं नाही तर जनावर कापायला लागतं, धाप लागते आणि सगळं हातचं जातं. मॅडम नळीच्या चापावर बोट ठेवून चांदणीच्या कातड्याकडं एकटक बघत होत्या. एकदम तिच्या बरगडीवरचं कातडं थरथरलं. मॅडमनी चाप दाबला. थेंब थांबला. शोभानं माझा दंड धरला होता, तिला ते कळलंही नव्हतं. परत थरथरलं. मग बरगडीवरून एक गोमाशी उडाली. मॅडम तरीही थांबल्या. बऱ्याच वेळानं त्यांनी चाप सोडला.

बाहेर दिवस मावळत होता. आबांनी लाल्याचे खांदे हळद-लोण्यानं मळले, पळसाच्या पानानं पुसले, आणि हात जोडून त्याला उद्या जेवायला यायचं आवतण दिलं. लाल्यानं पेंड खाल्ली. मॅडम त्याच्याजवळ गेल्या, पापणी बघितली, पाठीवर थाप मारली. मग शोभानं चहा आणला. दोन पेले होते, दोन्ही स्टीलचे. मॅडमनी एक घोट घेतला आणि पेला माझ्यासमोर जरा वर धरला. मी हसून दुसरीकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी पोळा, सुट्टी. तरी गेलो. गावात बैलांची मिरवणूक चाललेली, झुली, बाशिंगं, वाजंत्री, आणि आम्ही गोठ्यात. चांदणी उठलेली नव्हती, पण बादलीभर पाणी प्याली होती. त्याच्या पुढच्या दिवशीही उठली नाही. मी आशा सोडली होती, खोटं कशाला बोलू! मॅडम रोज जायच्या, रोज बोटं ठेवायच्या, आणि हात रोज तिथंच राहायचा. मग एका सकाळी आम्ही गेलो तर चांदणी उभी. पाय फाकवून, लटपटत, पण उभी. मॅडमनी बोटं ठेवली. "उतरून राहिली," एवढंच म्हणाल्या आणि तशाच गोठ्यातल्या दगडावर बसल्या.

त्याच दिवशी त्यांनी आबांना खरं सांगितलं. शिंगानं नाही मारलं लाल्यानं, पण रोग त्याच्याकडूनच आला. त्याच्या अंगात तो जंतू आहेच, देशी बैल त्याच्यासंगं जगायला शिकलेला आहे. त्याच्यावरची गोचीड चांदणीवर गेली आणि चांदणी ते शिकलेली नाही. त्याचं रक्त तिला चाललं, ते औषध आधीच टोचलेलं होतं म्हणून. आबांना हे लागलं. दिवसभर लाल्याजवळ बसून होते म्हणे. पण आठवड्यानं गेलो तर गोठ्याच्या सगळ्या भेगा लिंपलेल्या, वर चुना. मॅडमनी टॉर्च मारून मारून बघितलं आणि त्यांना एकही जागा दाखवता आली नाही.

हिवाळ्यात चांदणी व्याली. कालवड झाली. मॅडम त्या घरी कारण नसताना जायला लागल्या. शोभाची बोटं आपल्या हातात धरून कालवडीच्या खांद्यापुढं ठेवायच्या. "ही नेहमीची गाठ. रोज बघ. हाताला सवय झाली पायजे. ज्या दिवशी हाताला वेगळं लागंल त्या दिवशी फोन. दुसऱ्या दिवशी न्हाई." शोभा हसायची, "मॅडम, रोज काय बघायचं?" मॅडम हसायच्या नाहीत.

उन्हाळ्यात मॅडमच्या बदलीचा आदेश आला, परत लातूर. निरोपाचा कार्यक्रम त्यांनी होऊ दिला नाही. जायच्या दिवशी इस्लापूरच्या स्टँडवर सामान ठेवलं आणि मला म्हणाल्या, "एसटीला वेळ आहे. चांदणीकडं जाऊन येऊ."

गेलो. चांदणी रवंथ करत होती, कालवड आईच्या आडोशाला टणाटणा उड्या मारत होती. आबा खाटेवरून उठून आले. मॅडम गोठ्यात शिरल्या आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागं बांधले.

"शोभा, आज तू बघ. मी जाऊन राहिले."

शोभा लाजत पुढं झाली. "सकाळी झाडलोटीच्या गडबडीत राहिलंच बघायचं," म्हणाली. कालवडीला मांडीशी धरून तिनं तीन बोटं खांद्यापुढं ठेवली. मी सवयीनं हाताकडं बघितलं.

हात उचलला नाही.

शोभाचं हसू मावळलं. ती खाली शेणाकडं बघायला लागली. मग दुसऱ्या बाजूला गेली, तिकडं बोटं ठेवली, आणि तोही हात तिथंच राहिला. लांब कुठंतरी एसटीचा हॉर्न वाजला.

"मॅडम," ती म्हणाली, "दोन्हीकडं हाय. काल नव्हतं."

मॅडमनी तिच्या बोटांशेजारी आपली बोटं ठेवली. कान चाचपला, गरम. पापणी उलटी केली. आत अजून चांगली गुलाबी होती. मग मॅडमनी शोभाच्या डोक्यावर हात ठेवला. सुजलेल्या गाठीपाशी त्यांना हसताना मी तेव्हाच पहिल्यांदा बघितलं, आणि तेच शेवटचं. पार डोळे भरेपर्यंत हसल्या.

"जाधव, पेटी आणा. एसटी जाऊ द्या."

मी धावत जाऊन पेटी आणली. मॅडम उकिडव्या बसल्या, औषध सुईत ओढलं. आबांनी कालवडीची मान आपल्या दोन्ही हातांत धरली. सुई टोचायच्या आधी मॅडम थांबल्या आणि मान वर करून म्हणाल्या, "आबा, आज पोळा तर न्हाई ना?"

"असला तरी टोचा, बाई," आबा म्हणाले.